शिकागोची तक्रारवही

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवतो, काही वर्गांना उर्दूही. त्यामुळे एकच शब्द दोन भाषांत वेगवेगळे कपडे घालून फिरताना रोज दिसतो. 'तक्रार' हा त्यातलाच एक. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. उर्दूत गाऱ्हाण्याला शिकायत म्हणतात आणि तकरार म्हणजे वाद, हुज्जत. मूळ अरबीत जाल तर तकरार म्हणजे नुसती पुनरावृत्ती, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा होणे. गाऱ्हाण्याला मराठीने हाच शब्द का उचलला असेल, याचा मला नेहमी प्रश्न पडायचा. मराठी माणसाला एकच गाऱ्हाणे दहादा सांगावे लागत असेल, दुसरे काय!

हे आज आठवण्याचे कारण शिकागो. अमेरिकेतल्या या शहराच्या पोलीस खात्यात ज्या पोलिसांवर सर्वांत जास्त तक्रारी येतात त्यांच्या याद्या बनत, आणि त्या याद्यांचे नाव होते 'रिपीटर लिस्ट'. पुनरावृत्तीवाल्यांची यादी म्हणा. खात्याला सगळे ठाऊक होते. कोणाच्या नावावर किती तक्रारी, कोणती तुकडी, कोणती वस्ती, सगळे. ठाऊक नव्हते ते फक्त ज्यांनी तक्रारी केल्या त्या लोकांना. प्रत्येकाला वाटत होते की आपली तक्रार पहिलीच आहे, एकटीच आहे. या याद्या आणि त्यामागच्या फायली लोकांसमोर कशा आल्या, याचा इतिहास मी गेले काही महिने वाचतो आहे. तो सांगण्यासारखा आहे, कारण त्यात कोणी मोठा क्रांतिकारक नाही. दिवाणी दावे आहेत, अर्ज आहेत, अपिले आहेत, आणि न थकलेली काही माणसे आहेत.

सुरुवात १९५८ पासून करू. २९ ऑक्टोबरच्या पहाटे पावणेसहाला शिकागोचे तेरा पोलीस जेम्स मन्रो नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या घरात दार फोडून घुसले. नेतृत्व फ्रँक पेप या वरिष्ठ गुप्तहेर अधिकाऱ्याचे. हातात ना झडतीचे वॉरंट ना अटकेचे. दाव्यात नोंदवल्याप्रमाणे नवरा-बायकोला अंथरुणातून उठवून, उघडे, दिवाणखान्यात उभे केले. घरात सहा मुले होती. गाद्या फाडल्या, खणातले सामान जमिनीवर ओतले. मग मन्रोला ठाण्यात नेऊन दोन दिवसांपूर्वीच्या एका खुनाबद्दल दहा तास विचारपूस केली. वकिलाला बोलावू दिले नाही, न्यायाधीशासमोर नेले नाही. शेवटी कोणताही आरोप न ठेवता सोडून दिले. आपल्याकडच्या वाचकाला यात नवीन काही वाटणार नाही. नवीन आहे ते पुढे.

मन्रो कुटुंबाने दिवाणी दावा लावला आणि त्यासाठी आधार घेतला १८७१ च्या कायद्याचा. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनने मुक्त झालेल्या गुलामांवर हल्ले चालवले होते, आणि स्थानिक अधिकारी एकतर डोळेझाक करत किंवा स्वतःच सामील असत. म्हणून राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या काळात कायदा झाला की सरकारी अधिकाराच्या आडून कोणी नागरिकाचे घटनात्मक हक्क तुडवले तर त्याच्यावर थेट फेडरल न्यायालयात दावा लावता येईल. आज त्याला कलम १९८३ म्हणतात (हा आकडा सालाचा नाही, कायद्याच्या पुस्तकातला क्रमांक आहे). जवळजवळ नव्वद वर्षे हे कलम धूळ खात पडले होते. १९६१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 'मन्रो विरुद्ध पेप' या निकालात सांगितले की राज्याच्या कायद्याने पोलिसाला तसे वागायला बंदी असली तरी, गणवेशाच्या जोरावर तो तसे वागला, म्हणजे या कलमाखाली तो जबाबदार आहे. शहरावर मात्र दावा लावता येणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले. ते दार १९७८ मध्ये दुसऱ्या एका निकालाने उघडले. चुकीच्या वागण्याची रीतच पडली असेल, तर तिच्याबद्दल शहरालाही जाब विचारता येऊ लागला.

इथे फौजदारी आणि दिवाणी यांतला फरक थोडा थांबून पाहायला हवा. दोन्ही शब्द आपल्याला फारसीने दिले, आणि आपण ते कोर्टाच्या पायऱ्यांवर इतके ऐकतो की त्यांचा अर्थच विसरतो. फौजदारी खटला सरकार चालवते. पोलिसाविरुद्ध तो चालवायचा तर सरकारी वकिलाने मनावर घ्यायला हवे, आणि तो वकील तर रोज त्याच पोलिसांच्या साक्षींवर आपले खटले जिंकत असतो. दिवाणी दावा ज्याला मार पडला तो स्वतः लावतो. त्यात मागायचे ते पैसे, म्हणून आपल्याला तो हलका वाटतो. पण अमेरिकन दिवाणी पद्धतीत सुनावणीच्या आधी एक मोठा टप्पा असतो. दोन्ही बाजू एकमेकांकडून कागदपत्रे मागू शकतात, शपथेवर प्रश्न विचारू शकतात, लेखी प्रश्नावली पाठवून लेखी उत्तरे घेऊ शकतात. नुकसानभरपाई मिळो न मिळो, कागद बाहेर येतात. आणि शपथेवर दिलेले खोटे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा असतो. शिकागोतला सगळ्यात कुप्रसिद्ध पोलीस अधिकारी शेवटी तुरुंगात गेला तो याच दारातून.

त्याचे नाव जॉन बर्ज. व्हिएतनाममध्ये लष्करी पोलीस होता, नंतर शिकागोच्या दक्षिण भागात 'एरिया टू' नावाच्या विभागात गुप्तहेर झाला, बढत्या घेत कमांडर झाला. १९७२ ते १९९१ या काळात त्याने आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी शंभराहून जास्त माणसांचा छळ केला. जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. विजेचे धक्के, तोंडावर प्लॅस्टिकचे आवरण ओढून श्वास कोंडणे, तोंडात पिस्तुलाची नळी. कबुलीजबाब घेतले गेले आणि त्या कबुल्यांवर माणसे तुरुंगात गेली, काही फाशीच्या रांगेत.

१९८२ च्या फेब्रुवारीत दोन पोलिसांचा खून झाला. अँड्र्यू विल्सन या इसमाला १४ तारखेला पकडले. खून त्यानेच केल्याचे पुढे दोन वेळा न्यायालयात शाबित झाले, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या प्रकरणाची अडचण तिथेच आहे. निरपराध माणसाला मारले तर सगळे हळहळतात. पोलिसांच्या खुन्याला मारले तर कोण बोलणार? बोलले ते कारागृहाच्या इस्पितळाचे वैद्यकीय प्रमुख डॉ. जॉन रॅबा. त्यांनी विल्सनला तपासले आणि १७ फेब्रुवारीला पोलीस प्रमुखांना पत्र लिहिले. चेहऱ्यावर आणि डोक्यावर मार, उजव्या डोळ्याला इजा, मांडीवर, गालावर, छातीवर भाजल्याचे लांबट फोड. रेडिएटरला चिकटवून ठेवल्यावर येतात तसे. विजेचे धक्के दिल्याचे रुग्ण सांगतो आहे, याची पूर्ण चौकशी झाली पाहिजे. पत्र एवढेच. डॉक्टरने जे पाहिले ते लिहिले आणि चौकशी मागितली.

पोलीस प्रमुखांनी ते पत्र मुख्य सरकारी वकिलांकडे पाठवले. काय करू, असे विचारले. तेव्हा त्या पदावर रिचर्ड एम. डेली होते, जे पुढे १९८९ पासून २०११ पर्यंत शहराचे महापौर राहिले. उत्तर आले नाही. छळाचा गुन्हा नोंदवला गेला नाही. बर्जची बढती झाली.

विल्सनने १९८६ मध्ये तुरुंगात बसून, वकिलाशिवाय, स्वतःच दिवाणी दावा दाखल केला. पुढे पीपल्स लॉ ऑफिस या छोट्या वकील मंडळींनी तो हातात घेतला. १९८९ मध्ये सुनावणी झाली. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या ज्यूरीने विचित्र निकाल दिला: विल्सनच्या हक्कांचा भंग झाला, पोलिसांना मारणाऱ्या संशयितांना छळण्याची रीत शहरात होती, पण विल्सनला झालेला त्रास त्या रीतीमुळे नव्हे, आणि बर्ज दोषी नाही. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल बाजूला सारून फेरसुनावणी सांगितली.

पण या हरलेल्या दाव्यात एक गोष्ट घडली. सुनावणी चालू असताना वकिलांच्या पत्त्यावर निनावी पत्रे येऊ लागली. लिफाफे पोलीस खात्याचे. लिहिणारा आतला माणूस होता हे उघड होते, आणि तो कोण हे आजवर जाहीर झालेले नाही. एका पत्रात त्याने दुसऱ्या एका कैद्याचे नाव दिले: त्याला गाठा. वकिलांनी गाठले. त्या माणसाला विल्सनच्या नऊ दिवस आधी त्याच विभागात विजेचे धक्के दिले होते, आणि त्याने ते १९८२ मध्येच न्यायालयात सांगितले होते. ती साक्ष टंकलिखित होऊन सात वर्षे कोर्टाच्या दप्तरात पडून होती. कोणी ती विल्सनच्या कागदाशेजारी ठेवून वाचली नव्हती. त्या माणसाने आणखी नावे सांगितली, त्यांनी आणखी. मग पत्रकार जॉन कॉन्रॉय यांचा दीर्घ लेख १९९० च्या जानेवारीत 'शिकागो रीडर' या साप्ताहिकात आला.

मला या सगळ्या इतिहासात तो दप्तरात पडलेला कागद सर्वांत जास्त खुपतो. एक कैदी सांगतो, न्यायाधीश ऐकतो, लघुलेखक लिहून घेतो, आणि विषय संपतो. एका कैद्याची गोष्ट ही बनाव वाटते. दहा कैदी, जे एकमेकांना कधी भेटले नाहीत, तीच पेटी आणि त्याच तारा सांगतात तेव्हा तिला बनाव म्हणता येत नाही. पण त्या दहांना एका टेबलावर आणणार कोण? खात्याच्या तक्रार विभागातल्या मायकेल गोल्डस्टन या तपासकाने १९९० मध्ये ते केले. पन्नास प्रकरणे शेजारी शेजारी मांडली आणि लिहिले की हे नेहमीच्या मारहाणीच्या पलीकडचे आहे, ठरवून केलेला छळ आहे, आणि वरच्यांना ठाऊक होते. अहवाल दाबून ठेवला गेला. १९९२ च्या फेब्रुवारीत तो जाहीर झाला तोही एका दिवाणी दाव्यात, फेडरल न्यायाधीश मिल्टन शॅडूर यांच्या आदेशाने. पुढच्याच वर्षी बर्जला नोकरीतून काढले. खटला मात्र झाला नाही. छळाच्या गुन्ह्याची मुदत केव्हाच टळली होती.

मग २००३ उजाडले. इलिनॉयचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी जानेवारीत फाशीच्या रांगेतल्या चौघांना माफी दिली, कारण त्यांच्या कबुल्या याच विभागातून आलेल्या होत्या. त्यातल्या एकाने नुकसानभरपाईचा दावा लावला. त्या दाव्यात बर्जला लेखी प्रश्नावली गेली: तुम्ही कधी असा छळ केला आहे का, किंवा होताना पाहिला आहे का? त्याने शपथेवर लिहून दिले, नाही. छळाची मुदत संपली होती, या 'नाही'ची संपली नव्हती. २००८ मध्ये त्याच्यावर शपथेवर खोटे बोलल्याचा आणि न्यायात अडथळा आणल्याचा आरोप ठेवला गेला आणि जून २०१० मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले. साडेचार वर्षांची शिक्षा. विल्सन त्याच्या तीन वर्षे आधी तुरुंगातच वारला होता. त्याने १९८९ च्या हरलेल्या दाव्यात दिलेली साक्ष या ज्यूरीला वाचून दाखवण्यात आली. बर्जची पेन्शन चालूच राहिली, हेही नोंदवतो. पेन्शन मंडळात चार विरुद्ध चार मते पडली आणि ती थांबली नाही.

आता रिपीटर लिस्टकडे. स्टेटवे गार्डन्स ही दक्षिण शिकागोतली गरिबांच्या सरकारी उंच इमारतींची वस्ती होती. तिथल्या एका कृष्णवर्णीय महिलेने, जी शाळेत साफसफाईचे काम करायची, २००४ मध्ये पाच पोलिसांविरुद्ध दावा लावला. २००३ मध्ये त्यांनी तिच्या घरात घुसून अत्याचार केल्याचे तिचे म्हणणे होते. शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक क्रेग फटरमन आणि त्यांचे कायद्याचे विद्यार्थी तिचे वकील. त्यांनी शहराकडे तक्रारींच्या फायली मागितल्या आणि शहराने त्या दिल्या, पण अटीवर: कागद वकिलांनी पाहायचे, बाहेर कोणाला दाखवायचे नाहीत. २००७ मध्ये दीड लाख डॉलरवर तडजोड झाली. तिथे साधारणपणे सगळे संपते. पैसे मिळतात, फायली परत जातात, पोलीस दोषी होता की नव्हता हे कोणी म्हणत नाही, आणि भरपाई शहराच्या तिजोरीतून, म्हणजे त्या बाईच्याच करातूनही.

त्या वस्तीत वर्षानुवर्षे काम करणारे लेखक जेमी काल्व्हन यांनी न्यायालयात अर्ज केला की हे कागद जनतेचे आहेत, ते उघडा. न्यायाधीश जोन लेफ्को यांनी २००७ मध्ये मान्य केले. (बर्जचा २०१० चा खटलाही याच न्यायाधीशांपुढे चालला.) शहर अपिलात गेले. शहराच्या ५० नगरसेवकांपैकी २८ जणांनीही यादी मागितली, म्हणजे ज्यांच्या मतांवर भरपाईचे चेक निघत होते त्यांनाच ती दिसत नव्हती. २००९ मध्ये अपील न्यायालयाने काल्व्हन यांना बाहेर काढले: तुम्ही या दाव्यात पक्षकार नाही. हवे तर राज्याच्या माहिती कायद्याखाली अर्ज करा.

त्यांनी केला. शहराने नाकारला. पुन्हा न्यायालय. आणि १० मार्च २०१४ रोजी इलिनॉयच्या अपील न्यायालयाने 'काल्व्हन विरुद्ध शिकागो शहर' या खटल्यात निकाल दिला की पोलिसांवरील गैरवर्तनाच्या तक्रारींच्या चौकशीच्या फायली आणि त्या याद्या सार्वजनिक नोंदी आहेत. शहराचे म्हणणे होते की शिस्तभंगाच्या निवाड्याची कागदपत्रे कायद्याने गोपनीय असतात. न्यायालय म्हणाले, नागरिकाच्या तक्रारीची चौकशी वेगळी आणि शिक्षा ठरवण्याचा निवाडा वेगळा. बहुतेक चौकशा निवाड्यापर्यंत पोचतच नाहीत. शहराने पुढे अपील केले नाही. पाच वर्षांत दहापेक्षा जास्त तक्रारी असलेल्या ६६२ पोलिसांची यादी लोकांच्या हातात आली.

पोलीस संघटनेने वेगळाच मुद्दा काढला. शहराशी झालेल्या सेवा करारात जुनेच कलम होते की तक्रारींच्या फायली पाच वर्षांनी नष्ट करायच्या. मग या जुन्या फायली शिल्लक राहिल्याच कशा? उत्तर पुन्हा दिवाणी दाव्यांत आहे. १९९१ पासून फेडरल न्यायाधीश एकामागून एका दाव्यात आदेश देऊ लागले होते की फायली जाळू नका, पुरावा आहे. त्या आदेशांच्या भीतीने शहराने फायली ठेवल्या. संघटनेने त्या नष्ट करण्यासाठी लवादात आणि न्यायालयात लढा दिला. २०२० च्या जूनमध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने तो विषय मिटवला: सार्वजनिक नोंदी नष्ट करण्याचा करार लोकहिताच्या विरुद्ध आहे. त्याच महिन्यात न्यूयॉर्क राज्याने १९७६ पासूनचा पोलिसांच्या नोंदी झाकणारा कायदा रद्द केला.

सामान्य माणसाच्या नोंदीला पाच वर्षांची मुदत कोणी देत नाही, हे मला इथे राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या मोहल्ल्यातला कुठलाही मुलगा पासपोर्टला किंवा नोकरीला अर्ज करतो तेव्हा चारित्र्य पडताळणीत त्याच्या अठराव्या वर्षीची हाणामारीसुद्धा ठाण्यातून बाहेर येते, निर्दोष सुटला असला तरी.

काल्व्हन यांच्या संस्थेने २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये हजारो तक्रारी कोणालाही शोधता येतील अशा मांडल्या. २०१८ पर्यंत त्यात दोन लाख चाळीस हजारांहून जास्त आरोप आणि बावीस हजारांहून जास्त पोलिसांची नावे होती. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. दहा किंवा अधिक तक्रारी असलेले पोलीस दलात सुमारे दहा टक्के, पण एकूण तक्रारींपैकी सुमारे तीस टक्के त्यांच्या नावावर. आणि गोऱ्या तक्रारदाराची तक्रार मान्य होण्याची शक्यता कृष्णवर्णीयापेक्षा कितीतरी जास्त. अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी २०१७ च्या अहवालात आणखी एक आकडा दिला: पाच वर्षांत तीस हजारांहून जास्त तक्रारी, त्यातल्या मान्य झाल्या दोन टक्क्यांहूनही कमी. १७ वर्षांच्या लक्वान मॅक्डोनाल्डला २०१४ मध्ये सोळा गोळ्या घालणाऱ्या पोलिसाच्या नावावर आधीच वीसेक तक्रारी होत्या, आणि एकाही तक्रारीवरून त्याला शिक्षा झालेली नव्हती. शहराने दावा दाखल होण्याआधीच कुटुंबाला ५० लाख डॉलर मंजूर केले; चित्रफीत मात्र माहिती कायद्याखालच्या खटल्यानंतर, वर्षभराने बाहेर आली. २०१८ मध्ये तो पोलीस दोषी ठरला.

पोलिसांची बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. तक्रार म्हणजे शाबित झालेला गुन्हा नव्हे. दारूच्या अड्ड्यावर धाड घालणाऱ्या शिपायावर कारकुनापेक्षा जास्त तक्रारी येणारच. माझे दोन विद्यार्थी पोलीस भरतीतून शिपाई झाले आहेत. बंदोबस्ताच्या सोळा-सोळा तासांच्या ड्युट्या करून ते जे सांगतात ते ऐकवत नाही. खोट्या तक्रारीने त्यांच्या नावाला डाग लागू नये असे मलाही वाटते. पण यादी गुप्त ठेवून त्यांचे रक्षण होत नाही. यादी उघडली तेव्हा दिसले की शिकागोच्या बहुतेक पोलिसांवर मोजक्याच तक्रारी होत्या. गुप्ततेचा फायदा वरच्या दहा टक्क्यांना होता आणि बदनामी सगळ्या गणवेशाची.

आपल्याकडे नावानिशी नोंद होत नाही असे नाही. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरचा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळापुढे आला, त्यात ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका होता. तो लोकांपर्यंत पोचवण्यासाठी 'सबरंग'ने तो स्वतः छापला. आमच्या घरात वडिलांनी त्याची प्रत वर्तमानपत्राचा कागद चढवून ठेवली होती. पण तो आयोग होता, एका दंगलीपुरता. रोजच्या ठाण्यातल्या रोजच्या तक्रारींचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे छापतो, नावे नाहीत. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ते आणले. शिकागोसारखी नावे घालून शोधता येणारी यादी त्यातून निघालेली नाही. माहिती अधिकारात पोलिसाच्या शिस्तभंगाची फाईल मागा, 'वैयक्तिक माहिती' हे उत्तर ठरलेले.

भरपाई आपल्याकडेही मिळते. 'निलाबती बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य' या १९९३ च्या निकालात कोठडीतल्या मृत्यूबद्दल आईला दीड लाख रुपये देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्काचा भंग झाला तर सरकारला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येत नाही. मोठा निकाल आहे तो. पण ही भरपाई बहुधा रिट अर्जात मिळते, प्रतिज्ञापत्रांवर. खात्याकडून फायली काढणे, अधिकाऱ्याला शपथेवर प्रश्न विचारणे, हा मधला टप्पा त्यात जवळजवळ नाही. आणि साधा दिवाणी दावा लावावा तर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे कलम १६१ वाटेत उभे असते: अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा सहा महिन्यांच्या आत. सहा महिन्यांत आपल्या माणसाला शवविच्छेदनाचा अहवालही हातात मिळत नाही. विल्सनने दावा लावला तेव्हा चार वर्षे उलटली होती.

शिकागो नगरपालिकेने ६ मे २०१५ रोजी बर्जच्या छळातून वाचलेल्यांसाठी ठराव केला. अधिकृत माफी, ५५ लाख डॉलरचा निधी, समुपदेशन केंद्र, आणि शहराच्या सरकारी शाळांत आठवीला आणि दहावीला हा इतिहास शिकवणे सक्तीचे. शेवटची अट मी दोनदा वाचली. ज्या शहराच्या तिजोरीतून बर्जच्या वकिलांची बिले वर्षानुवर्षे भरली गेली, त्याच शहराच्या शाळेत हा धडा. पोलिसांची कुटुंबे जास्त राहतात त्या भागातल्या काही पालकांनी हरकत घेतली: आमच्या मुलांनी वर्गात मान खाली घालून बसायचे का? धडा तरीही चालू राहिला.

माझ्या वर्गातही हवालदारांची मुले असतात. त्यांच्यासमोर हा धडा घ्यायचा तर कुठून सुरू करायचा, याचा मी विचार करून पाहिला. मी बर्जपासून सुरू करणार नाही. डॉ. रॅबांच्या पत्राचे मराठी भाषांतर करून वाचायला देईन, आणि विचारीन की ज्याच्या टेबलावर हे पत्र आले त्याने त्या दिवशी काय काय करायला हवे होते, ते क्रमाने लिहा.